तरुण संशोधकांच्या अकादम्या आणि त्यांतील प्रवेश

आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेली काही मुले-मुली आज विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. उमरग्यासारख्या सीमावर्ती तालुक्यातील पालकांना पीएच.डी. ही शिक्षणाची अखेरची पायरी वाटते आणि घरातील पहिलाच पदवीधर असेल तर तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु संशोधकाचे स्वतंत्र आयुष्य खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होते. या आरंभीच्या काळात त्याला कोणाच्या पंगतीत बसावयास मिळते, यावर त्याचे पुढील काम पुष्कळ अंशी अवलंबून असते. ही पंगत म्हणजेच विद्वत्संस्थांचे सदस्यत्व होय.

अशा संस्था दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात वर्गणी भरून कोणासही सदस्य होता येते. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात संस्थेने निवडल्याखेरीज आत जाता येत नाही. १९३४ साली सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूर येथे स्थापिलेली भारतीय विज्ञान अकादमी किंवा १९३५ पासूनची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी ही याची उदाहरणे. दुसरा प्रकार अधिक मानाचा म्हणून पहिल्याकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे.

श्रीनिवास रामानुजन यांचेच पाहा. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांच्या पुढाकाराने गणितप्रेमींचे एक मंडळ निघाले. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. या सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापला गेला. तेव्हा त्यांच्यापाशी ना पदवी होती ना नोकरी. सात वर्षांनी, १९१८ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. उघड्या दाराची संस्था आधी नसती, तर बंद दारापर्यंत ते पोहोचले असते का, हा प्रश्नच आहे.

निवडक संस्थांची जुनी पद्धत अशी, की आधीचे फेलो नव्या उमेदवाराचे नाव सुचवितात, शिफारसपत्रावर सह्या करतात आणि मग मतदान होते. मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी १८४१ साली रॉयल सोसायटीवर निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांच्यामागेही अशाच शिफारशी होत्या. या पद्धतीत गुणवत्तेची पारख जाणकारांकडून होते हे खरे. मात्र ज्याला कोणी जाणकार ओळखतच नाही, त्याचे नाव सुचविणार कोण? शिवाय असा मान बहुधा केस पिकल्यावर मिळतो.

या उणिवेवर उपाय म्हणून तरुणांच्या वेगळ्या अकादम्या निघाल्या. जर्मनीत २००० साली ‘युंगे अकादेमी’ स्थापन झाली. तिचे सदस्य पन्नास. दरवर्षी दहा नवे येतात आणि पाच वर्षे पूर्ण झालेले दहा बाहेर पडतात. २०१० साली जागतिक युवा अकादमी आली. तिची सदस्यसंख्या दोनशेपर्यंत मर्यादित आहे आणि मुदत तीच, पाच वर्षे. आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या छत्राखाली २०१४ च्या अखेरीस भारतीय राष्ट्रीय युवा विज्ञान अकादमी सुरू झाली. चाळिशीच्या आतील शास्त्रज्ञांसाठी असलेल्या या संस्थेतही सदस्यत्व पाच वर्षांचेच. मुदत संपली की खुर्ची रिकामी करावयाची, ही या संस्थांची मला सर्वांत आवडलेली बाब. ज्येष्ठांच्या संस्थांत एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही.

आता वयाच्या अटीविषयी. बंगळूरच्या अकादमीने १९८३ पासून तरुणांसाठी सहयोगी सदस्यत्वाची योजना चालविली. तिची वयोमर्यादा पस्तीस. शहरातील सुस्थित घरातला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी पीएच.डी. होतो आणि त्याच्या हाती सात वर्षे उरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नोंदणी करणारी आपली एखादी विद्यार्थिनी आधी बी.एड. करते, काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते, धाकट्या भावंडांचे शिक्षण पाहते आणि चौतिसाव्या वर्षी प्रबंध सादर करते. पस्तीसची अट तिला एकच वर्ष देते, चाळीसची सहा. जन्मतारखेऐवजी पीएच.डी.नंतरची वर्षे मोजली, तर दोघांनाही सारखाच अवधी मिळतो. युंगे अकादेमी पीएच.डी.पासूनचा काळच विचारात घेते. वय मोजणे सोपे असते. न्याय्य असतेच असे नाही.

निवड करणारे काय पाहतात? शोधनिबंधांची संख्या हा एक भाग झाला. निबंध कोणत्या नियतकालिकात आले, त्यांचे परीक्षण त्या विषयातील तज्ज्ञांनी केले होते का, त्यात उमेदवाराचे स्वतःचे काम किती, हे त्याहून महत्त्वाचे. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांतील दहा निबंध अशा समितीपुढे उमेदवाराचे नुकसानच करतात. मार्गदर्शकाव्यतिरिक्त आणखी कोणी काम ओळखणारे असावे, म्हणून परिषदांत निबंध वाचणे आणि वर्गणीच्या संस्थांचे सदस्य होणे हे पीएच.डी. चालू असतानाच करावे. युवा अकादम्या समाजात विज्ञान नेण्याची तयारीही पाहतात. भारतीय युवा अकादमीचे सदस्य ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विज्ञान शिबिरे घेतात. आपल्या शाळेने असे शिबिर मागण्यास हरकत नाही, त्यासाठी कोणतीही वयोमर्यादा आड येत नाही.