आधी गाणे, मग चित्र

चित्रपटातील नेहमीच्या प्रसंगात कॅमेरा सुरू झाल्यावर काळ घडू लागतो. नट दोन क्षण थांबला तर प्रसंग दोन क्षणांनी लांबतो, आणि संकलकाला वाटले तर ते क्षण पुढे छाटताही येतात. गाण्याचे तसे नसते. गाणे बहुधा आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. त्याची लांबी ठरलेली असते, प्रत्येक मात्रा जागच्या जागी बसलेली असते, आणि मागाहून येणाऱ्या चित्राला त्या मापात बसावे लागते. पुण्यातील एका महाविद्यालयात माध्यमशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मी गेली काही वर्षे चित्रीकरण शिकवतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांना एका गाण्याची चित्रफीत करावी लागते. तिचा काही भाग प्रत्यक्ष स्थळी आणि काही स्टुडिओत. हा कॅमेऱ्याचा आणि दिव्यांचा अभ्यास आहे असे समजून मुले येतात. माझ्या मते तो मुख्यतः काळाचा अभ्यास आहे. चित्रफितीत कोणाचा काळ चालणार, हे ज्या गटाला लवकर ठरवता येते, त्याचे बाकीचे निर्णय सोपे होतात.

हा प्रश्न आपल्याकडे बोलपटाच्या जन्माबरोबरच आला. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्या काळी नटनटी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात. वादक चौकटीबाहेर दडून बसत आणि आवाज व चित्र एकाच वेळी टिपले जाई. गळा, चेहरा आणि क्षण तिन्ही एकच. त्यामुळे गाता येणे ही नटाची पहिली पात्रता ठरली आणि कॅमेऱ्याच्या हालचालींना मर्यादा पडली. १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत, ‘धूपछाँव’मध्ये, आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवण्याची पद्धत वापरली. पार्श्वगायनाचा आरंभ इथून मानला जातो. गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असू शकला. गाणे एका ठिकाणी आणि चित्र शेकडो मैलांवर, अशीही सोय झाली. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी वाद्यवृंदाचे मुद्रण लॉस एंजेलिसमध्ये झाले आणि चित्रीकरण करमाळा परिसरात. पडद्यावर दोन्ही एकजीव झालेली दिसतात, ती या पद्धतीमुळे.

विद्यार्थ्यांचे काम कॅमेरा हाती येण्याआधी कागदावर सुरू होते. गाण्याचे मुखडा, अंतरे आणि मधल्या संगीताचे तुकडे असे भाग पाडून प्रत्येकासमोर सेकंद लिहायचे, आणि त्यापुढे स्थळ की स्टुडिओ, दूरचे दृश्य की जवळचे, कोण गाणार, कोण नुसते दिसणार. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रे हा रूढ वेग धरला, तर चार मिनिटांच्या गाण्यात ६,००० चित्रे होतात. हा आकडा फळ्यावर लिहिला की ‘तिथे गेल्यावर सुचेल ते घेऊ’ म्हणणारी मुले जरा गप्प होतात. चित्रीकरणासाठी वाजवायच्या गाण्याच्या सुरुवातीला समान अंतराचे तीन-चार ‘बीप’ जोडतात, म्हणजे गाणाऱ्याला नेमके कुठे उचलायचे ते कळते. पूर्वी हे गाणे ‘नागरा’ यंत्रावर वाजवीत, आता फोन आणि ध्वनिवर्धक पुरतो. कॅमेरा त्याच वेळी भोवतीचा आवाजही टिपत असतो. तो अंतिम चित्रफितीत जात नाही, पण संकलनाच्या वेळी मूळ गाण्याशी जुळवण्यासाठी तोच धागा असतो.

प्रत्यक्ष स्थळी पहिला अडसर ध्वनीच्या वेगाचा येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचे. तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम १४ मीटर पुढे सरकतो. समजा, ध्वनिवर्धक कॅमेऱ्याजवळ ठेवला आणि गाणारी मुलगी माळावर ४० मीटरवर उभी केली, तर गाणे तिच्यापर्यंत तीन चित्रे उशिरा पोचते आणि तिचे ओठ तेवढेच मागे पडतात. संकलनात आवाज ओठांच्या पुढे धावतो. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येण्याची आपल्याला सवय असते, उलट क्रमाची नसते. म्हणून आवाज आधी आला की प्रेक्षकाला लगेच खटकते, जरी काय खटकले हे सांगता आले नाही तरी. उपाय साधा आहे: ध्वनिवर्धक गाणारीच्या पायाशी, चौकटीबाहेर ठेवायचा आणि तेच गाणे तारेने किंवा बिनतारी प्रेषकाने कॅमेऱ्यात द्यायचे.

दुसरा अडसर उन्हाचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी खिडकीतून येणारा कवडसा भिंतीवरून उतरत जातो आणि थोड्या वेळात जमिनीवर भलतीकडेच असतो. गाणे मात्र चारच मिनिटांचे आहे आणि त्यात एकच सकाळ दाखवायची आहे. म्हणून स्थळी गाण्याच्या क्रमाने चित्रीकरण करत नाहीत, उजेडाच्या क्रमाने करतात. कवडशात घ्यायची सगळी दृश्ये आधी, मग ती मुखड्यातली असोत की शेवटच्या अंतऱ्यातली. दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. तेव्हा डोक्यावर स्किमरचे पातळ कापड धरायचे, समोरून थर्माकोलचा पांढरा तक्ता लावून चेहरा उजळायचा, नाहीतर सरळ जेवायला बसायचे. चारनंतर पुन्हा कामाला लागायचे.

संथ गतीतल्या दृश्याचा हिशेब मुलांना फार आवडतो. केस, पदर, धूळ संथ हवी, पण ओठ गाण्याबरोबर हवेत, तर सेकंदाला ५० चित्रे घ्यायची आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे. गाणारीने त्या पळत्या गाण्याबरोबर ओठ हलवायचे. तीच चित्रे २५च्या वेगाने दाखवली की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि बाकी सगळे जग अर्ध्या गतीने चालते.

स्टुडिओ या शब्दाने मुलांचा गोंधळ होतो, कारण मराठीत आपण दोन वेगळ्या जागांना तेच नाव देतो. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत शांतता लागते. चित्रीकरणाच्या स्टुडिओला, म्हणजे ‘फ्लोअर’ला, लागतो तो काळोख आणि उंची. गाणे आधीच मुद्रित असल्यामुळे पंखा चालला, सहायक ओरडला, शेजारी हातोडा पडला तरी बिघडत नाही. आत येणारा उजेड मात्र पूर्ण आपल्या हातात हवा. पुण्यात १९३३ साली उभ्या राहिलेल्या प्रभातच्या वास्तूत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या जुन्या फ्लोअरवर नुसते उभे राहिले तरी छत इतके उंच का, हे कळते. दिवा दूर आणि वर टांगता आला तरच तो सूर्यासारखा वागतो. जवळच्या दिव्याचा उजेड पुढे झपाट्याने मंदावतो, म्हणून एका माणसाचा चेहरा जळतो आणि मागचा काळवंडतो. सूर्य इतका दूर आहे की अंगणातल्या दोन माणसांत तो असा भेद करत नाही.

दोन बारकावे आणखी. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान साधारण ५,६०० केल्विन धरतात, जुन्या टंगस्टन दिव्यांचे ३,२००. स्थळी घेतलेली खिडकी आणि फ्लोअरवर बांधलेली खिडकी एकमेकींना जोडायची असेल, तर हे आकडे जुळवावे लागतात. आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवले की प्रत्येक चित्रात दोन पूर्ण लाटा मावतात आणि फडफड नाहीशी होते.

इथवरचे सारे शिकवता येते. पण कोणाचा काळ चालणार, या प्रश्नाचे उत्तर गणिताने मिळत नाही, ते एका गटाच्या कामातून माझ्यासमोर स्पष्ट झाले. या गटाने जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या. गटातल्या एकीची आजी मावळातल्या गावी राहते. घरात जाते आहे, आजींना ओव्या येतात. मुलांनी रीतसर संगणकावर मिनिटाला ९० ठोक्यांचा ठेका बांधला, त्यावर नातीच्या आवाजात गाणे मुद्रित केले आणि ध्वनिवर्धक घेऊन गावी गेली. आजींनी जाते ओढत त्या गाण्यावर ओठ हलवायचे, अशी योजना होती.

ते जुळेना. याचे कारण आजींच्या वयात किंवा कॅमेऱ्याच्या भीतीत शोधण्यासारखे नव्हते. ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यातून येतो. वैरण घातली की वरची तळी जड होते, फेरा रेंगाळतो आणि शब्दही लांबतो. दाणे दळले गेले की फेरा हलका होतो आणि ओळ पुढे धावते. शिवाय तीच ओवी दुसऱ्यांदा गाताना अक्षरे तशीच राहत नाहीत. जाते जड झाले की आपला गळाही दम खातो, तुमचा ठोका मात्र कुणासाठी दम खात नाही, असे आजींनी मुलांना सांगितले. संगीतशास्त्राच्या भाषेत याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

गटापुढे तीन वाटा होत्या. पहिली, जात्यात दाणेच घालायचे नाहीत. रिकामे जाते एकसारखे फिरते आणि ठेका जुळतो. एका मुलाने हे सुचवले आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. दुसरी, आजींचे ओठ दाखवायचेच नाहीत; हात, खुंटा, पीठ, सुरकुत्या एवढेच घ्यायचे. अनेक चित्रफितींत म्हाताऱ्या माणसांचे असेच होते. ती पार्श्वभूमीचा पोत होऊन राहतात. तिसरी वाट खर्चाची आणि वेळखाऊ होती: तयार गाणे बाजूला ठेवायचे, आजींचे गाणे आधी मुद्रित करायचे आणि ठेका त्यांच्यामागून चालवायचा.

दोन दिवस वाद झाल्यावर गटाने तिसरी वाट धरली. पहाटे, रस्त्यावर वाहने सुरू होण्याआधी, एक मायक्रोफोन आजींच्या पदराला आणि दुसरा जात्याजवळ लावून, दोन कॅमेऱ्यांनी आवाज आणि चित्र एकदमच टिपले. १९३२ची पद्धत पुन्हा कामी आली. मग संगणकावर खुंटा फिरून जागेवर येई त्या प्रत्येक क्षणी खूण केली आणि त्या असमान खुणांवर ढोलक बसवले. नातीच्या वाट्याला ध्रुवपदाच्या ओळी होत्या, त्या फ्लोअरवर १९३५च्या पद्धतीने चित्रित झाल्या. काळ्या पडद्यासमोर लाकडी चौकट उभी करून, लांबून एकच प्रखर दिवा सोडून मावळातल्या खिडकीचा कवडसा तिथे उभा केला. नातीला आता आजींच्या रेंगाळण्यावर ओठ हलवायचे होते. ठोका कुठे लांबतो हे तिने आठवडाभर पाठ केले. आजवर आजीबरोबर जात्याला कधी हात न लावलेल्या मुलीला, फेरा कुठे जड होतो हे अशा रीतीने कळले.

यात हक्काचाही प्रश्न आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवरचे हक्क वेगवेगळे मानले जातात. म्हणून मुलांना मी चित्रपटगीते टाळायला सांगतो. पारंपरिक ओवीला कवी सापडत नाही, त्यामुळे ती कोणाचीच नाही असे समजून उचलली जाते. पण गाणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा संग्रह आज ‘पारी’ या संकेतस्थळावर येतो आहे. त्यात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव येते, ही त्या कामातली मला सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. आमच्या गटाने आजींची लेखी संमती घेतली, मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि गटाच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकातून मानधनही दिले.

गाण्याचे चित्रीकरण शिकताना ओठ जुळले की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. ओठ जुळवण्याची साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि एकसारखा ठोका संगणक फुकट देतो. म्हणूनच तो ठोका न मागताच सर्वत्र लागू होतो. गोंधळ, भारूड, ओवी, शेतातली भलरी सगळ्यांना एकाच मापाने चालवतो. स्थळ निवडताना आपण घर, जाते, खिडकी निवडतो, पण त्या जागेचा वेग बरोबर आणला नाही तर ते स्थळ नेपथ्य होऊन उरते. हल्ली प्रत्येक नव्या गटाला चित्रांचा तक्ता करण्याआधी मी एक काम देतो. ज्याचे गाणे आहे त्याच्याजवळ कॅमेरा न घेता एक पूर्ण सकाळ बसायचे आणि हाताने टाळी देत तो कुठे थांबतो, कुठे पळतो याची वहीत नोंद करायची. तक्त्यातले सेकंदांचे रकाने त्या वहीवरून भरायचे.