अडखळते कधी, ते आधी सांगा

दोंडाईच्याहून शहाद्याला निघालो होतो. सारंगखेड्याच्या अलीकडे मिरचीच्या पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर पुढे आला. ओव्हरटेक करायला चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला आणि गाडीनं अंग चोरलं. दोन-तीन झटके, मग एकदम पिकअप, पुन्हा झटका. समोरून एसटी दिसली, तसा निमूटपणे ट्रॅक्टरमागे लागलो.

याच तक्रारीवर एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात आधी फ्युएल पंप बदलून झाला होता, इंजेक्टर धुऊन झाले होते. बिल भरलं, झटके तसेच राहिले.

परत आल्यावर दोंडाईच्यातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॉनेटला हात लावला नाही. "काय व्हयनं, दादा?" म्हणाला आणि प्रश्न सुरू केले. इंजिन गार असताना होतं की तापल्यावर? जागेवर उभी असताना की ओढताना? एसी लावल्यावर वाढतं का? टाकी भरलेली असते की रिझर्व्हवर? निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. मग तो शेजारी बसला, नंदुरबार रस्त्याला एक चक्कर मारली, आणि तीन-चार किलोमीटरमध्ये त्याचं काम झालं.

पेट्रोल इंजिनाला एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, शिवाय वेळेवर ठिणगी. हवा, इंधन, ठिणगी यांपैकी काय कमी पडतंय, हे गाडी कोणत्या वेळी अडखळते त्यावरून बरंचसं कळतं. माझी गाडी जागेवर शांत उभी राहायची, ओढतानाच मिसिंग करायची. ओढताना सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजलेला असेल किंवा कॉइलला बारीक तडा असेल, तर नेमकी तेव्हाच ठिणगी चुकते. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे एकच गाडी पेट्रोलवर गुमान चालते आणि गॅसवर झटके देते.

स्कॅनर लावल्यावर पी ०३०२ हा कोड आला. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर चुकतोय. का चुकतोय, ते कोड सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, कशानंही तो येऊ शकतो. मिस्त्रीनं इंजिन बंद करून दोन नंबरची कॉइल काढली आणि तीन नंबरवर बसवली, तीनची दोनवर. कोड पुसला, पुन्हा तीच चक्कर. आता पी ०३०३ आला! दुखणं कॉइलबरोबर सरकलं होतं. या तपासाला एक रुपयाचा पार्ट लागला नाही. आपल्याकडे पार्ट बदलून निदान करायची जी रीत पडली आहे, तिचा मला तेव्हापासून राग आहे.

सिग्नलला उभं असताना रेस आपोआप वर-खाली होणं, ज्याला गॅरेजात हंटिंग म्हणतात, ते दुखणं वेगळं. बहुतेकदा थ्रॉटलच्या पुढे एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असतो. तिथून चोरटी हवा शिरते आणि रेस चढते. पाय तर ॲक्सिलरेटरवर नाही, म्हणून कॉम्प्युटर इंधन तोडतो. रेस पडते, तसा तो पुन्हा इंधन सोडतो. हाच खेळ चालू राहतो. आधी रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. उन्हानं कडक झालेली नळी वाकवली की चीर उघडते. थ्रॉटल बॉडीत साचलेल्या कार्बननंही रेस डळमळते. तो साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटानं ढकलू नये, आणि तापलेल्या इंजिनावर क्लीनरचा स्प्रे तर मुळीच मारू नये, पेट घेतो.

एअर फिल्टरचं म्हणाल, तर मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे तो झटकला की अख्खं गॅरेज शिंकतं. पण चोंदलेल्या फिल्टरनं गाडी मंद होते, अशी झटके देत नाही.

आणि इंधन? वेग धरून चालवताना गाडी हळूहळू दम सोडत गेली, तर संशय तिकडे घ्यावा. पंप टाकीत बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. मे महिन्यात कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. डिझेल पिकअपवाल्यांनी पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचं पाणी काढावं, आणि काळा धूर येऊन ताकद गेली असेल तर टर्बोचा होज सुटलाय का ते आधी पाहावं. हल्ली प्रत्येक झटक्याचं खापर इथेनॉलवर फुटतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत, त्यातही महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत, ही शंका रास्त आहे, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवतं. पण दोन नंबरचाच सिलिंडर चुकत असेल, तर त्यात इथेनॉलचा काय दोष? पेट्रोल चारही सिलिंडरना एकच जातं.

कॉइल बदलली. काढून आणलेला जुना पंप अजून डिकीत पडून आहे. तुम्हाला कुणी पंप बदलायला सांगितलं, तर आधी गेज लावून प्रेशर दाखवायला सांगा.