शाळेची जुनी इमारत : आपण नेमकं काय जपतो?

आज आपण तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न जरा आपल्या गल्लीत आणू. शंभरेक वर्षांची सार्वजनिक शाळा आहे. भिंतींना तडे गेलेत, दारावर 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागली आहे. काही जण म्हणतात, वारसा आहे, हात लावू नका. काही म्हणतात, मुलांच्या जिवाशी खेळ नको, पाडून टाका. दोघांचंही चूक नाही. मग वाद कशाचा? शाळा म्हणजे काय, हे ठरवायचं राहून गेलं, त्याचा.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? एकटा कुठलाच भाग रथ नव्हे, आणि सगळे वगळले तर रथ उरत नाही. शाळेचंही तसंच आहे. भिंती, वर्ग आणि त्यांवर हक्क सांगणारी माणसं, या तिन्ही गोष्टी लागतात.

आता आपल्याकडची उदाहरणं घेऊ. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730च्या सुमारास बांधायला घेतला, 1737 साली तो मराठ्यांनी घेतला, 1774 साली इंग्रजांनी. पुढे तिथे तुरुंग झाला. दगड टिकले, पण सामान्य ठाणेकराला आत पाऊल टाकायची सोय उरली नाही. उलट कल्याणला बघा. पेशवाईतले सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्या वाड्याच्या जागी आज शाळा भरते, 1895पासूनचा गणेशोत्सव त्याच नावाने ओळखला जातो, आणि लोक अजून 'सुभेदारवाडा'च म्हणतात. वास्तू बदलली तरी वावर राहिला. आणि ठाण्याची बी. जे. हायस्कूल? नाव पारशी दानशूर बैरामजी जीजीभाईंचं, कारभार जिल्हा परिषदेचा, मुलं आसपासच्या वस्तीतली. अशी शाळा एका कोणाची म्हणता येत नाही.

हा हक्क भावनेपुरता नाही, त्यामागे पैसा आहे. 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. तिचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी होता. म्हणजे गावोगावच्या शाळा शेतकऱ्याच्या आण्यावर चालल्या. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं : सरकारी तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामावर भरते, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो.

मग निर्णय कोणी घ्यायचा? 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. वारसा जपणारे तज्ज्ञ एका टेबलाशी आणि या आया दुसऱ्या टेबलाशी बसल्या, तर शाळेचा अर्धाच विचार होतो.

सगळ्यांत नाजूक वेळ असते ती 'तात्पुरतं स्थलांतर' या दोन शब्दांची. वर्ग लांब हलतात. पहिलीतल्या पोराला रोज मोठा रस्ता ओलांडून कोण नेणार? पालक नाव काढून दुसरीकडे घालतात. पट घसरतो. मग घसरलेला पट हेच शाळा बंद करण्याचं कारण होतं. इमारत कोणी पाडलीही नसते, पण शाळा गेलेली असते.

म्हणून आपण क्रमाने विचारू या. मुलं आज सुरक्षित आहेत का? नसतील तर आधी त्यांना बाहेर काढा, इथे वाद नाही. स्ट्रक्चरल ऑडिट दुरुस्ती शक्य म्हणतं का, आणि तो अहवाल पालकांनी वाचलाय का? मधल्या काळात वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर भरतील का? कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी ते 1 किलोमीटर धरलं आहे. आणि शेवटचं, परतीची तारीख लेखी दिली आहे का?

दुरुस्त झालेल्या किंवा नव्या इमारतीत तीच वस्ती, तीच मुलं परत आली, तर शाळा वाचली. नाही आली, तर आपण फार तर एक भिंत वाचवली, किंवा नुसताच भूखंड मोकळा केला.