द्राक्षांची पेटी आणि ब्रुसेल्सचा कायदा

माघ-फाल्गुनाच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या बाजूने न्हावाशेवा बंदराकडे द्राक्षांच्या शीतगाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांतील प्रत्येक पेटीवर एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून माल कोणत्या बागेतून आला, ती बाग कोणाची, तिच्या मालाची तपासणी कोठे झाली, हे रॉटरडॅमला बसलेल्या खरेदीदारास काढता येते. अपेडा या सरकारी संस्थेने २००६ साली ग्रेपनेट नावाची जी व्यवस्था उभी केली, तिचे हे फळ. तिलाही २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशावरून युरोपात आपला माल अडकला आणि नाशिकच्या बागाईतदारांस मोठा फटका बसला. तेव्हापासून कोणत्या औषधाचा अंश किती चालतो, हे आमच्या बागाईतदारांस तोंडपाठ झाले आहे.

आता युरोपकडून दुसरा प्रश्न येऊ लागला आहे. औषधाचा अंश समजला; परंतु घडांची विरळणी ज्या बायांनी केली, त्यांस किमान वेतन मिळाले काय? पेठ-सुरगाण्याहून जी माणसे छाटणीस येतात, ती स्वखुशीने येतात, की उचल फेडण्यासाठी? युरोपातील अनेक किराणा साखळ्या द्राक्षांबरोबर 'ग्रास्प' नावाचा मजुरांविषयीचा दाखलाही मागतात. हा प्रश्न विचारण्याचा युरोपास अधिकार काय, असे कोणी म्हणेल. तो आक्षेप क्षुल्लक नाही. तो प्रथम निकालात काढल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही, म्हणून थोडे मागे जाऊ.

मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली एक कमिशन नेमले गेले. त्यामागे माणुसकी होती, तशीच मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची धास्तीही होती. मुंबईचा मजूर स्वस्तात दिवसभर राबतो, त्यामुळे आपले कापड मागे पडेल, ही ती धास्ती. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस गिरणीत बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढांस काहीच दिले नाही. तरीही मुंबईचे गिरणीमालक खवळले. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण राष्ट्रीय वृत्तीची बहुतेक पत्रेही त्यांच्याच बाजूने उभी राहिली. हा कायदा म्हणजे परक्याच्या व्यापाराचे सोंग, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्यांश होता, हेच त्यातले अवघड दुखणे.

या पेचातून वाट काढली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे चालक. कायद्याने मँचेस्टरचे भले होते की नाही, या वादात ते गुंतले नाहीत. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या: आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नाही, पगार ठरल्या तारखेस, आणि अपघात झाल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली; तीत दोन स्त्री-मजूरही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढील वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. परक्याने स्वार्थासाठी दार किलकिले केले असेल. आत कोण शिरतो, हे मात्र लोखंड्यांनी ठरविले.

पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. वॉशिंग्टनच्या तिच्या पहिल्या परिषदेस ना. म. जोशी गेले, ते सरकारने नेमले म्हणून. मजुरांचा प्रतिनिधी मजुरांनी निवडावा, या आग्रहातून १९२० साली आयटक जन्मास आली. म्हणजे आपल्या देशातील पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहण्यास एक निमित्त परदेशी परिषदेचेच होते!

जुना संशय मात्र मेला नाही. १९९६ च्या डिसेंबरात सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची बैठक झाली. व्यापाराच्या करारांत मजुरांच्या हक्कांचे कलम घालावे, ही श्रीमंत राष्ट्रांची मागणी भारताने व इतर देशांनी परतविली. आपल्या बहुतेक कामगार संघटनाही त्या वेळी सरकारबरोबरच होत्या. राष्ट्राच्या दारातून हा विषय आत येईना, तेव्हा तो कंपनीच्या दारातून आला.

तो येण्यास दोन भीषण घटना कारण झाल्या. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यास आग लागून अडीचशेहून अधिक माणसे मेली. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्यास उत्तम कामकाजाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार दगावले. कराचीच्या चार पीडितांनी मुख्य गिऱ्हाईक असलेल्या जर्मन कंपनीवर डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. २०१९ साली तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. दोष कोणाचा, याचा निवाडा झालाच नाही.

येथून युरोपातील कामगार संघटनांचे म्हणणे स्पष्ट झाले. कंपनीची सदिच्छा पुरे नाही, तपासनिसाचा कागद पुरे नाही. कायदा पाहिजे, आणि त्यात कोर्टाची पायरी पाहिजे. फ्रान्सने २०१७ साली असा कायदा केला. जर्मनीचा कायदा २०२१ साली झाला व १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. या कायद्यांचा गाभा 'यथोचित दक्षता' या दोन शब्दांत आहे. मालाच्या साखळीत माणसांस कोठे इजा पोहोचू शकते, हे कंपनीने स्वतः शोधावे, ती टाळावी, तक्रारीस जागा ठेवावी, आणि केले काय ते जाहीर करावे. जर्मन कायद्यात पीडित व्यक्तीच्या संमतीने तिच्या वतीने जर्मन कामगार संघटनेस दावा लावता येतो. हे कलम तेथील संघटनांनी झगडून मिळविले. सातपूरच्या कामगारास परदेशी वकील परवडणार नाही. परंतु जर्मन संघटनेशी त्याच्या संघटनेचे नाते असेल, तर वाट आहे. बॉश कंपनीने तर २००४ सालीच आंतरराष्ट्रीय धातुकामगार महासंघाशी सामाजिक जबाबदारीचा करार केला होता. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या किती जणांस तो ठाऊक आहे, कोण जाणे.

कायदा संघटनेच्या हाती कसा चालतो, याचे उत्तम उदाहरण फ्रान्सचे. तेथील टपाल कंपनीच्या पोटठेकेदारांकडे कागदपत्रे नसलेली स्थलांतरित माणसे पार्सले वाहतात, म्हणून एका टपाल कामगार संघटनेने दावा लावला. डिसेंबर २०२३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीस धोक्यांचा नकाशा नीट करण्याचा आणि संघटनांचा विचार घेऊन तक्रारीची व्यवस्था उभारण्याचा आदेश दिला.

संपूर्ण युरोपसाठी असा कायदा युरोपीय संसदेने २४ एप्रिल २०२४ रोजी संमत केला. (लोखंड्यांची सभा, राणा प्लाझा आणि हा ठराव, तिन्ही २४ एप्रिलचेच, योगायोग आहे, अधिक काही नाही.) एक हजारांवर नोकर आणि ४५ कोटी युरोंवर उलाढाल असणाऱ्या कंपन्या त्यात येणार होत्या. नुकसानभरपाईच्या दाव्यास किमान पाच वर्षांची मुदत आणि संघटनेस पीडितांच्या वतीने उभे राहण्याची मुभा त्यात होती. डॉर्टमुंडचा धडा येथे गिरविला गेला होता.

मात्र वर्ष उलटण्यापूर्वीच माघार सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने 'सुलभीकरणा'चा प्रस्ताव आणला. युरोपीय कामगार संघटनांच्या महासंघाने त्यास कसून विरोध केला. तरीही त्या वर्षीच्या डिसेंबरात जी तडजोड ठरली, तीत मर्यादा पाच हजार नोकर आणि दीड अब्ज युरो इतकी वर गेली, अंमल २०२९ वर गेला, आणि भरपाईचे सामाईक कलमच गळाले. तो प्रश्न आता ज्या त्या देशाच्या कायद्यावर राहिला. माझ्या मते हे सर्वांत मोठे नुकसान. नियम पाळण्याचा खर्च फार, ही कंपन्यांची तक्रार ऐकली गेली. ज्याच्या अंगावर इमारत पडते त्याचा खर्च कोणी मांडला नाही.

दुसरा एक कायदा शाबूत आहे, आणि नाशिककरांनी लक्ष द्यावे तो हाच. सक्तीच्या श्रमाने तयार झालेला माल युरोपच्या बाजारात येऊ द्यावयाचा नाही, असा हा कायदा १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. त्यात कंपनीच्या आकाराची अट नाही. माहिती कोणीही द्यावी; संघटनेनेही. सक्तीच्या श्रमाची व्याख्या १९३० च्या आंतरराष्ट्रीय ठरावाची आहे, आणि तो ठराव भारताने १९५४ सालीच मान्य केलेला आहे. आमचे सर्वोच्च न्यायालय तर आणखी पुढे गेले आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली त्याने सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीच घटनेच्या २३ व्या कलमाखालील वेठबिगारी होय. तेव्हा युरोपने आमच्यावर परका दंडक लादला, असे म्हणण्यास येथे तरी जागा नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. परदेशी खरेदीदार आपली जबाबदारी कराराच्या एका ओळीत निर्यातदारावर ढकलतो, निर्यातदार बागाईतदारावर, बागाईतदार मुकादमावर. पेटीचा भाव मात्र तोच राहतो. मजुरीच्या अटी वाढवा आणि भाव पाडा, या दोन आज्ञा एकाच टपालाने येतात. खरेदीची रीत सुधारणे हाही कंपनीच्या दक्षतेचा भाग आहे, हे कामगार संघटनांनी लावून धरले, ते यासाठीच. या एका मुद्द्यावर पाच एकरांचा बागाईतदार आणि त्याचा मजूर एका बाजूस उभे राहू शकतात. आजवर ते क्वचितच राहिले आहेत.

आणि पुराव्याचे काय? विरळणीचे काम बहुधा एकरी ठेक्याने जाते. टोळी आज पिंपळगावला, आठ दिवसांनी वणीला. हजेरीपटावर नाव मुकादमाचे, रोजाचा हिशेब तोंडी, उचलीची वही त्याच्या पिशवीत. तपासनीस येतो तो ठरल्या दिवशी, निर्यातीच्या बागेत, आणि कागद पाहून जातो. पेटीवरचा क्रमांक बागेपर्यंत पोहोचतो. त्या दिवशी तेथे कोण राबले, हे तो सांगत नाही. ती नोंद कोणत्याही सरकारी यंत्रावाचून, साध्या दोन आण्यांच्या वहीत, टोळीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीस ठेवता येईल: तारीख, गाव, गट क्रमांक, माणसे किती, पैसे किती. डिसेंबर २०२७ पूर्वी द्राक्षांचा एक पूर्ण हंगाम अजून हाती आहे.