रेषेची आवर्ती ठेव

महाराष्ट्रात शिकलेल्या कित्येकांच्या कपाटात एलिमेंटरी अथवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती यांच्याशी त्या वयात जुळलेली मैत्री पुढे शिक्षण, नोकरी आणि बदल्या यांच्या धबडग्यात मागे पडते. दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामच्या सदनिकेत संसार स्थिरावला, मुले मोठी झाली, की ती जुनी ओढ पुन्हा जागी होते. नवी वही येते, पेन्सिलींना टोके काढली जातात. पहिली आठ-दहा पाने उत्साहाने भरतात आणि मग एके दिवशी वही खणात जाऊन पडते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘मनासारखे जमत नाही.’

प्रस्तुत लेख या ‘न जमण्या’विषयीच आहे. रेखाटन शिकताना डोळा नेहमी हाताच्या पुढे धावतो. काल बरे वाटलेले चित्र आज सदोष दिसते, तेव्हा चित्र बिघडलेले नसते, पाहणारा सुधारलेला असतो. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण थांबतात, आणि प्रगतीची पहिली खूण अपयश समजून बाजूला ठेवतात. हा टप्पा ओलांडावा कसा, याची उत्तरे राजधानी परिसरात जागोजागी विखुरलेली आहेत.

पन्नासांपैकी बहुतेक बाद

विख्यात चित्रकार मनजीत बावा (1941–2008) यांनी दिल्लीतच कलाशिक्षण घेतले. त्यांचे एक गुरू अवनी सेन त्यांना रोज पन्नास रेखाटने करावयास सांगत आणि त्यांतील बहुतेक नापसंत करीत, असे बावा सांगत असत. सतत काम करीत राहण्याची सवय आपल्याला त्यातूनच लागली, हेही ते आवर्जून नमूद करीत. पुढे त्यांच्या चित्रांतील कृष्ण, गायी आणि बासरीवादक ज्या निःशंक, वळणदार बाह्यरेषेने ओळखले जाऊ लागले, तिच्यामागे नापसंत झालेल्या त्या असंख्य कागदांचा मोठा वाटा असणार.

नोकरी-व्यवसाय सांभाळून रोज पन्नास रेखाटने करणे आपल्याला शक्य नाही. पाच मात्र सहज होतील. महत्त्वाचे आहे ते नापसंतीमागचे कारण शोधणे. ‘चित्र चांगले आले नाही’ हा निष्कर्ष निरुपयोगी होय. ‘खुर्चीचा मागचा पाय पुढच्याइतकाच लांब काढला गेला’ हे निदान उपयोगी होय, कारण त्यात उद्याचा उपाय दडलेला असतो. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दिनांक, लागलेला वेळ आणि एक, केवळ एकच, चूक नोंदवावी. चुकलेली रेषा खोडू नये. तिच्या शेजारी सुधारलेली रेषा काढावी. खोडरबराने चूक पुसली जाते तसा तिच्यातला धडाही पुसला जातो.

माहीत असलेले आणि दिसणारे

नवशिक्याची चूक सहसा हाताची नसते. समोर दिसते ते काढण्याऐवजी मनाला माहीत असलेले तो काढतो. कपाचे तोंड गोल असते हे आपल्याला माहीत आहे, परंतु टेबलाशी बसून पाहताना ते लंबवर्तुळाकार दिसते आणि डोळ्यांच्या पातळीवर आणताच केवळ एक आडवी रेषा उरते. चेहऱ्यात डोळे महत्त्वाचे, म्हणून ते कपाळाकडे सरकवले जातात. वस्तुतः प्रौढ माणसाच्या डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे सुमारे मध्यावर असतात.

या गैरसमजावर तीन जुने, बिनखर्चाचे उपाय आहेत. पहिला उपाय मोजमापाचा. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करावा, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने एका भागाची उंची धरून ती दुसऱ्या भागाशी ताडून पाहावी. दुसरा उपाय ओळंब्याचा. दोऱ्याला किल्ली बांधून समोर धरली, की कोणता बिंदू कोणाच्या नेमका खाली येतो ते कळते. तिसरा उपाय मधल्या मोकळ्या जागेचा. खुर्ची काढण्याऐवजी तिच्या पायांमधील रिकाम्या जागांचे आकार काढावेत. त्या आकारांविषयी मनाला पूर्वी काहीच माहीत नसते, त्यामुळे डोळा ते प्रामाणिकपणे पाहतो.

आपले मोजमाप तपासून पाहण्यासाठी दिल्लीत संसद मार्गावरील जंतरमंतरसारखे स्थळ नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या वेधशाळेतील सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड काटकोन त्रिकोण. त्याची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून जमिनीशी तिचा कोन दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा आहे. पुरेसे लांब जाऊन, यंत्र बरोबर बाजूने दिसेल असे बसावे, केवळ अंदाजाने ती कड काढावी आणि मग कागदावर कोनमापक ठेवावा. यंत्राच्या भव्यतेने दिपलेला हात कड बहुधा अधिक उभी काढतो. या उदाहरणाचे उत्तर यंत्रातच लिहिलेले आहे, परीक्षकाची गरज नाही.

रायसीना टेकडीचा धडा

यथार्थदर्शन, म्हणजे जवळच्या-दूरच्या वस्तू कागदावर योग्य प्रमाणात दाखवण्याची रीत, अनेकांना अवघड वाटते. तिचे मूळ सूत्र एकच आहे. सर्व काही पाहणाऱ्याच्या दृष्टिपातळीवर अवलंबून असते. इंडिया गेटकडून कर्तव्य पथावर, म्हणजे पूर्वीच्या राजपथावर, पश्चिमेला तोंड करून उभे राहावे. रस्त्याच्या दोन्ही कडा, दिव्यांचे खांब आणि झाडांच्या रांगा दूर एका बिंदूकडे धावताना दिसतात. हाच लोपबिंदू, आणि तो आपल्या दृष्टिपातळीवर असतो. गुडघ्यावर बसल्यास क्षितिजरेषा आपल्याबरोबर खाली येते. वहीत ही रेषा सर्वांत आधी फिकट काढून ठेवली, तर अर्ध्या चुका टळतात.

दृष्टिपातळीकडे दुर्लक्ष झाले तर तज्ज्ञही कसे फसतात, याचे उदाहरण याच मार्गावर आहे. दूरवरून राष्ट्रपती भवन स्पष्ट दिसते. परंतु विजय चौकाकडे जावे तसतसा चढ आड येतो, खांबांची रांग दिसेनाशी होते आणि घुमटाचाच भाग उरतो. वास्तुशिल्पी एडविन लट्यन्स यांच्या हे लक्षात आले, तेव्हा सचिवालयाच्या इमारतींचे रचनाकार हर्बर्ट बेकर यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. चढ बदलला गेला नाही. ‘वॉटर्लू’च्या धर्तीवर लट्यन्स यांनी आपल्या या पराभवाला ‘बेकरलू’ म्हटले. इंडिया गेट ते विजय चौक या वाटेवर चार ठिकाणी थांबून तेच भवन चार वेळा काढावे. एखाद्या पुस्तकातील प्रकरणापेक्षा हा धडा अधिक लक्षात राहील.

न हलणारे शिक्षक

मानवी आकृतीच्या अभ्यासासाठी जिवंत माणूस तासन्‌तास स्थिर बसणे दुर्मीळ. शिल्पे मात्र कधीच कंटाळत नाहीत. राष्ट्रीय संग्रहालयातील मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. एक हात कमरेवर, एक गुडघा किंचित वाकलेला, शरीराचा भार एका पायावर, अशी तिची उभी राहण्याची ढब. तिची पावले आज शिल्लक नाहीत. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडला, तर तो भार पेलणाऱ्या पावलाजवळ येतो. हे सूत्र वापरून त्या नर्तकीची हरवलेली पावले कोठे असतील, ते आपल्या वहीत शोधून पाहावे. आकृती उतरवणे आणि आकृती समजणे यांतील अंतर त्या एका रेखाटनात कळून येईल.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे 1925 साली जन्मलेले आणि पुढे नोएडात दीर्घकाळ काम केलेले शिल्पकार राम सुतार यांच्या उमेदीच्या काळातही अशीच एक शाळा होती. सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षणानंतर 1950च्या दशकात त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. भंगलेला भाग पूर्ण करावयाचा तर उरलेल्या भागाची चाल वाचता यावी लागते. ज्यांच्या शिल्परचनेवरून 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला, त्यांची नजर अशा पाहण्यातून घडली.

रेषेचा मितव्यय शिकण्यासाठी जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय गाठावे. नंदलाल बोस यांनी 1938च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेल्या फलकांचा संग्रह या संस्थेकडे आहे. कारागीर, वादक, मल्ल अशी साधी माणसे मोजक्या, जाड आणि वेगवान रेषांत तेथे उभी आहेत. एखादे चित्र प्रदर्शित असेल तर त्यातील रेषा मोजाव्यात आणि तितक्याच रेषांत आपल्या घरातील काम करणारी व्यक्ती काढून पाहावी.

ऊन, सावली आणि चालती माणसे

छायाप्रकाशाच्या अभ्यासाला दिल्लीचा हिवाळा उत्तम. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 38 अंशच वर येतो, त्यामुळे दहा फुटी खांबाची सावली जवळजवळ तेरा फूट पडते. जूनच्या उत्तरार्धात सूर्य सुमारे 85 अंशांवर असतो आणि त्याच खांबाची सावली एका फुटाच्या आत येते. म्हणून लोदी उद्यानातील घुमट किंवा हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानी हिवाळ्यातील उन्हात काढाव्यात. प्रथम डोळे किलकिले करून केवळ दोन भाग पाडावेत, उजेडाचा आणि छायेचा. मधल्या छटा त्यानंतर. बोटाने घासून गुळगुळीत केलेली छटा आकर्षक दिसते, पण घुमटाची गोलाई त्याच्या वळणाने जाणाऱ्या रेषांतूनच उमटते.

वेग येण्यासाठी हलते विषय घ्यावेत. मेट्रोत समोर डुलक्या घेणारा प्रवासी पुढच्या स्थानकावर उतरून जाईल, या धास्तीने डोळा आपोआप मुख्य गोष्टी निवडतो. पाठीचा बाक, मानेचा कल, पिशवीचे ओझे एवढे दोन मिनिटांत टिपावे, बटणे आणि चष्मा सोडून द्यावा. मात्र कोणाला संकोच वाटत असल्याचे दिसले तर वही मिटावी. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून काढणे सोपे वाटते, पण तेथे कॅमेऱ्याने जगाचा सपाट कागद आधीच केलेला असतो. शिकणाऱ्याने जे काम स्वतः करावयाचे, तेच त्याने उरकून टाकलेले असते.

साहित्य थोडे, नेम मोठा

आरंभी एचबी, 2बी आणि 6बी अशा तीन पेन्सिली, एक साधे पेन आणि खिशात मावणारी वही पुरेशी आहे. महागड्या कागदामुळे हात भितो, स्वस्त कागदावर तो मोकळेपणाने चुकतो. रोज वीस मिनिटे ठरवावीत. पाच मिनिटे शीघ्ररेखाटने, दहा मिनिटे एका वस्तूचे मोजून केलेले चित्र आणि उरलेली पाच मिनिटे सकाळी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीचे स्मरणचित्र. सुट्टीच्या दिवशी वर सांगितलेल्या स्थळांपैकी एक निवडावे. मार्गदर्शकाची गरज भासल्यास तानसेन मार्गावरील, सुंदरी श्रीधराणी यांनी 1950 साली स्थापन केलेल्या त्रिवेणी कला संगमसारख्या संस्थांतील वर्गांची चौकशी करता येईल.

नेम याचा अर्थ केवळ कागदांची संख्या असा नव्हे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे 1972 पासून दिल्लीत राहिले आणि वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण करीत. 1984च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे अशक्य झाले, तेव्हा ते लहान कागदांवर शाईची रेखाटने करू लागले आणि काही वर्षांनी पुन्हा कॅनव्हासकडे वळले. सेनांचे पन्नास कागद आणि गायतोंड्यांची मोजकी चित्रे यांत विरोध नाही. दोन्हींच्या मुळाशी पाहणेच आहे.

आवर्ती ठेवीचा हप्ता भरताना त्या महिन्यात काही वाढले असे कधी वाटत नाही. मुदत संपल्यावर मात्र रक्कम पाहून समाधान होते. रेषेचेही तसेच आहे. खणातील ती वही आज बाहेर काढावी. ज्या पानावर आपण थांबलो, त्याच्या कोपऱ्यात तेव्हा दिसलेली चूक लिहावी. आणि शेजारच्या कोऱ्या पानावर तीच वस्तू पुन्हा काढावी. सहा महिन्यांनी दोन्ही पाने जवळ ठेवून पाहिली, तर नव्या पानावरही उणिवा दिसतीलच. त्या दिसतात याचाच अर्थ ठेव वाढते आहे.