तेल जिंकलं, इंजिनाचं काय?

माहीत आहे का? एक फिरती चकती, तिच्यावर दाबलेला पोलादी रोलर, एक लांब दांडा आणि दांड्याला अडकवलेली वजनं. एवढ्या सामानावर ‘सगळ्यात भारी इंजिन ऑइल कुठलं?’ याचा निकाल पाच मिनिटांत लागतो! निदान मोबाइलवरचे व्हिडिओ तरी तसं सांगतात. चकती गरगर फिरते, वजन वाढतं, कर्रर्र आवाज येतो, मोटर थांबते. मग दुसरं ऑइल ओततात. रोलरवरचा ओरखडा छोटा निघाला की तेच विजेतं!

जरा दमानं घ्या, मंडळी. नसरापुरातून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याकडे निघालेली भरगच्च जीप तो व्हिडिओ पाहत नाही. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला जाणारा टेम्पोही नाही. त्या ओरखड्यावरून या गाड्यांच्या इंजिनांबद्दल किती कळतं? फारच थोडं. आणि ते थोडं का, ही गोष्ट जाम मजेदार आहे.

मशीन कुणाचं, परीक्षा कुणाची?

घरगुती टेस्टचं हे मशीन म्हणजे ‘टिमकेन टेस्ट’चा छोटा अवतार. टिमकेन ही बेअरिंग बनवणारी अमेरिकन कंपनी. तिच्या नावाची टेस्ट आहे जबरदस्त दाबाखाली चालणाऱ्या वंगणांसाठी, म्हणजे मुख्यतः गिअर ऑइलसारख्या तेलांसाठी. प्रयोगशाळेत चकती मिनिटाला 800 फेरे घेते, दहा मिनिटं चालते आणि तेलाचं तापमान असतं जेमतेम 38 अंश. भोरमध्ये एप्रिलच्या दुपारी सावलीत ठेवलेला डबाही तेवढा तापतो! चालत्या इंजिनातलं तेल मात्र सहज 100 अंशांच्या आसपास असतं.

म्हणूनच या मशीनवर गिअर ऑइल झोकात जिंकतं. तेच इंजिनात ओतलं तर? त्यातलं गंधक तांब्या-पितळेच्या भागांना खातं आणि काजळी धुऊन काढणारी रसायनं त्यात नसतातच. चकतीवर पहिला नंबर, क्रँककेसमध्ये सपशेल नापास.

क्लोरीनवालं अॅडिटिव्ह तर या मशीनचं लाडकं! क्लोरिनेटेड पॅराफिन धातू कापणाऱ्या तेलांत वापरतात आणि तिथं ते उत्तम काम करतं. पण इंजिनात उष्णता आणि ओल भेटली की त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिड तयार होऊ शकतं, आणि बेअरिंगच गंजायला लागतात. बैलजोडी शिंगांच्या धारेवरून निवडायची आणि नांगराला जुंपायचीच नाही, तसा हा प्रकार.

34 हजार पट!

आता एक दणदणीत आकडा घ्या. प्रयोगशाळांमध्ये ‘फोर बॉल’ नावाची टेस्ट असते. अर्ध्या इंचाच्या चार पोलादी गोळ्या: तीन खाली घट्ट बसवलेल्या, चौथी त्यांच्यावर तासभर फिरणारी. भार फक्त 40 किलोचा, पण गोळ्या जिथं टेकतात तो ठिपका इतका इवलासा की सुरुवातीला तिथला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 34 हजार पट होतो! तुमच्या क्रँकच्या बेअरिंगवर सरासरी दाब येतो काही शे पट. कॅम आणि टॅपेटमध्ये तो कित्येक हजार पटींवर जातो, तरीही गोळ्यांच्या खूप खाली.

आणि गंमत ऐका. या टेस्टच्या अमेरिकन मानकातच लिहिलेलं आहे की, निकाल प्रत्यक्ष वापराशी जुळतात का, याची खात्री वापरणाऱ्यानंच करून घ्यावी. टेस्ट स्वतःच हात वर करून सांगते, मला डोक्यावर बसवू नका!

बुचाची कमाल

माहीत आहे का, की चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला बहुतेक वेळ टेकतच नाही? तो तेलावर तरंगतो.

हा शोध लागला एका बुचामुळे. ब्रिटिश इंजिनिअर बोशँप टॉवर रेल्वेच्या डब्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्यानं बेअरिंगला वरून भोक पाडलं. तेल आत जायचं सोडून उसळून बाहेर! त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. मग प्रेशर गेज लावलं आणि काटा 200 पौंडांच्या पुढे पळाला. फिरता दांडाच तेलाला खेचून आत दाबत होता. टॉवरचा अहवाल 1883 चा, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं 1886 मध्ये. आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर उभं आहे.

आपल्या प्रश्नासाठी हे महत्त्वाचं, कारण तरंगत्या बेअरिंगला हवा असतो तेलाचा योग्य जाडपणा आणि पंपाचा दाब. चकतीवर चमकणाऱ्या जादूई अॅडिटिव्हला तिथं कामच मिळत नाही. घरगुती मशीन धातूवर धातू टेकवून सुरुवात करतं. इंजिनाची सगळी धडपड ते टेकू नयेत यासाठी असते.

मग धातू टेकतात कुठं? कॅमवर, टॅपेटवर, रिंग जिथं दिशा बदलते त्या टोकाला, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला. इथं हिरो आहे झिंक-फॉस्फरसचं एक अॅडिटिव्ह, झेडडीडीपी. 1940 च्या दशकात ते आलं तेव्हा काम होतं तेल खराब होऊ न देणं आणि बेअरिंग गंजू न देणं. झीज रोखण्याचा गुण नंतर कळला, म्हणजे चक्क बोनस! हे धातूवर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा थर बांधतं. पण तो थर घासण्यातून आणि उष्णतेतून हळूहळू जमतो. थंड तेलात दोन मिनिटं चकती फिरवून त्याला ‘फेल’ ठरवणं हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

एरंडेल इन अॅक्शन

पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनच्या विमानांत कुठलं तेल असायचं? एरंडेल! धातूला घट्ट धरून राहण्यात एरंडेल एक नंबर. आज चकतीवर ठेवलं तरी मान खाली घालणार नाही. फक्त तापून तापून त्याचा चिकट डिंक होतो आणि रिंगा जाम होतात. झीज कमी, साका जास्त. नुसत्या ओरखड्यात हा साका दिसणार कसा?

जास्त घसरडं? मग क्लच घसरला!

आता बाइकवाल्यांनो, कान इकडे. रविवारी पाबे घाटातून राजगड-तोरण्याच्या पायथ्याला जाणाऱ्या बहुतेक बाइकमध्ये एकच तेल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना सांभाळतं. क्लच तेलात बुडालेला आणि त्याला हवं घर्षण! जपानच्या जासो मानकात ‘एमए’ आणि ‘एमए 2’ हे शिक्के क्लचला पुरेशी पकड देणाऱ्या तेलांना मिळतात. गिअरच्या बाइकमध्ये कारचं फार घसरडं, इंधन वाचवणारं ऑइल टाकलं तर पाबे घाटाच्या चढावर इंजिन ओरडेल, गाडी मात्र ढिम्म. क्लच स्लिप!

उलट ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला कमी घर्षणाचं ‘एमबी’ चालतं. एकाच घरच्या अंगणात दोन गाड्या आणि दोघींची गरज उलटी. ‘दादा, मोबाइलमध्ये जिंकलं ते ऑइल टाका’ असं गॅरेजवाल्याला सांगण्याआधी डब्यावरचा हा शिक्का नक्की बघा.

तेल फ्रीजरमध्ये ठेवून कुठलं पातळ राहतं ते दाखवणाऱ्या व्हिडिओंचंही तसंच. 20डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे 15 अंशांवर होते. वेल्ह्याची थंडी कडक खरी, पण एवढी? कधीच नाही. चला पुढे.

खरी परीक्षा: रेस नाही, आयडलिंग

कंपन्या झीज कशी मोजतात, माहीत आहे का? अख्खं इंजिन चालवून! ‘सिक्वेन्स फोर-ए’ या टेस्टमध्ये निसानचं 2.4 लिटरचं इंजिन 100 तास चालायचं. फुल रेसवर? छे! प्रत्येक तासातली 50 मिनिटं 800 आरपीएमवर, नुसतं गुरगुरत. कॅम हळू फिरला की तेलाचा पडदा पातळ होतो, म्हणून झीज तिथं पकडायची. नंतर आलेल्या ‘फोर-बी’ टेस्टमध्ये टोयोटाचं 1.5 लिटरचं इंजिन 200 तासांत चाचणीची 24,000 आवर्तनं करतं. शेवटी इंजिन उघडून भाग मोजतात. शनिवार-रविवारी ट्रॅफिकमध्ये गुरगुरत उभ्या राहणाऱ्या कारला ही टेस्ट ओळखीची वाटेल, चकती नाही.

पुण्याचा मान इथंही आहे बरं! सकाळी फिरायला जाणारे पुणेकर जिला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, तिथल्या संस्थेत इंजिनांच्या अशाच दीर्घ परीक्षा होतात. संस्था 1966 ची. आणि घर्षण-झीज-वंगणाच्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव इंग्लंडमधल्या जोस्ट अहवालातून मिळालं तेही 1966 मध्येच. क्या बात!

आणखी भारी: 1950 च्या आसपास संशोधकांनी पिस्टन रिंगा अणुभट्टीत किरणोत्सारी केल्या, इंजिनात बसवल्या आणि तेलातला किरणोत्सार मोजून रिंग किती झिजली ते इंजिन न उघडता सांगितलं!

पण माझी सगळ्यात आवडती टेस्ट टॅक्सीवाल्यांची. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं न्यूयॉर्कच्या 75 टॅक्सींची इंजिनं नव्यानं बांधली, वेगवेगळी ऑइल घालून प्रत्येक टॅक्सी 60,000 मैल पळवली आणि इंजिनं उघडून मोजली. 1996 चा निकाल? ब्रँडब्रँडमध्ये झिजेचा दखल घेण्याजोगा फरकच नाही! टॅक्सी दिवसभर गरम, थंड स्टार्ट कमी; तेव्हा हा निकाल सगळ्यांना जसाच्या तसा लागू करू नका. तरी 75 खऱ्या इंजिनांपुढे एक चकती किती टिकणार?

मग भोर-वेल्ह्यात काय मोजायचं?

इथल्या गाड्यांचं जगणं वेगळंच. डेअरीपर्यंत दुधाचे कॅन नेणारी बाइक दोन किलोमीटरवर थांबते. इंजिन तापतच नाही, आणि तेलात पेट्रोल-पाणी साठत जातं. भाताच्या चिखलणीत राबणाऱ्या पॉवर टिलरमध्ये पाणी शिरलं की तेल दुधाळ होतं. गडांच्या पायथ्याचे कच्चे रस्ते धूळ उडवतात आणि धूळ म्हणजे इंजिनासाठी पॉलिश पेपर. यातलं एकही संकट चकतीच्या व्हिडिओत नसतं.

डिझेल जीपचं तेल लगेच काळं पडलं म्हणून कंपनीला शिव्या घालू नका हं! ते काजळी पकडून धरतंय, म्हणजे ड्युटी करतंय. बोटांत चोळून ‘पातळ झालं’ म्हणणंही सोडा: 15डब्ल्यू-40 सारखं तेल 100 अंशांना 40 अंशांपेक्षा सात-आठपट पातळ असतं आणि तुमचं बोट तेवढं तापत नाही.

घरबसल्या खरी टेस्ट हवीच असेल तर ऑइल बदलताना वापरलेल्या तेलाचा नमुना लॅबला पाठवा. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये हे कित्येक वर्षं चालत आलंय. रिपोर्टमध्ये लोखंड वाढलं तर झीज वाढली. सिलिकॉन वाढलं तर आधी एअर फिल्टरकडे धावा, धूळ आत येतेय! मात्र स्पेक्ट्रोमीटर फक्त बारीक कण पाहतो. मोठा कीस त्याला दिसतच नाही, म्हणून ड्रेन प्लगला चुंबक असेल तर पुसायच्या आधी उजेडात धरून बघा. राखाडी पेस्टसारखा लेप चालतो. टोचणारे चकचकीत तुकडे असतील, तर गाडी आजच्या आज गॅरेजला.