नदीच्या रेतीत एक दिवस

समुद्रकाठची सहल म्हटली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला आधी प्रवासाचा खर्च आठवतो. पश्चिमेचा समुद्र म्हणजे सारा महाराष्ट्र ओलांडून जाणे आले. पण वाळूचे म्हणाल, तर तिचा आमच्याकडे तोटा नाही. (बोलताना आम्ही तिला रेतीच म्हणतो.) हिवाळा सरला की वैनगंगेचे पाणी ओसरते आणि पात्रात लांबच लांब वाळवंट उघडे पडते. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते, ती याच दिवसांत. देवदर्शन झाले की मुलांचे पाय आपोआप रेतीकडे वळतात.

मार्कंड्याला नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या स्थानाचे माहात्म्य मोठे. आईबापांनी मात्र या वळणाकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. कोणत्याही वळणावर बाहेरच्या काठाने पाणी जोरात जाते आणि तळ खरवडते. आतल्या बाजूला ते मंदावते आणि आणलेली रेती तिथे टाकते. म्हणजे जे वळण आपल्याला खेळायला रेती देते, तेच पलीकडच्या काठाखाली डोह करून ठेवते. मूल रेतीवरून पाण्यात शिरते, घोटाभर, गुडघाभर, आणि पुढच्या पावलाला तळच नसतो! रेती उपसलेले खड्डे तर याहून वाईट, कारण ते कुठे असतील याला काही नियम नाही. वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की इथे आभाळ कोरडे असतानाही पाणी चढू शकते. तेव्हा आधी गावच्या ढिवराला विचारावे. कुठे उतरायचे, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. आणि मुलं पाण्यात असेपर्यंत मोठ्यांपैकी एकाने गप्पांत बसू नये.

खरी मौज पाण्याबाहेरच आहे. पायावर ओली रेती थापून खोपा करा. कोरड्या रेतीचा तो का होत नाही, हे मुलांना विचारा. ओल्या कणांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो; पाणी फार झाले की तीच रेती वाहून जाते. काठाजवळ हातभर झिरा खणा. त्यात नितळ पाणी साचेल, कारण गाळ रेतीत अडकतो. पण रोगजंतू अडकतीलच असे नाही, म्हणून पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. दुपारी वरची रेती पाय भाजते आणि वीतभर खाली ती थंड असते. रेतीतून उष्णता फार हळू खाली जाते. आणलेले टरबूज ओल्या रेतीत पुरून ठेवले तर जेवणापर्यंत चांगले गार होते.

जेवणाला अर्थात रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांचा विस्तव मात्र निघताना रेतीने झाकू नका. ती उष्णता बाहेरही लवकर जाऊ देत नाही. वरून काही दिसत नाही आणि तासाभराने अनवाणी धावणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा पाय त्यावर पडतो. दोन बादल्या पाणी ओतावे, नदी जवळच असते.